यूटा-ॲरिझोनाची वाळवंटी रोड ट्रिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लास वेगसहून निघायचं, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅन्यन असं फिरून परत वेगसला यायचं. यातली मोआब आणि पेज ही गावं, बाकीची लाल दगडांच्या दऱ्या-डोंगरांची पार्क्स. हा लूप आम्ही दोनदा केलाय, पहिल्यांदा आम्ही नवरा-बायकोच आणि नंतर पुण्याहून आलेल्या आईबाबांना घेऊन. तेव्हापासून ओळखीतल्यांचे आणि त्यांच्या ओळखीतल्यांचे मेसेज येत राहतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. नंबर दिलेत, एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तो नंबर सांगितलाय.

१. नक्की रूट कसा घ्यायचा आणि एकूण अंतर किती होतं?

वेगस ते स्प्रिंगडेल (झायनच्या दारातलं गाव) साधारण १६० मैल, तिथून ब्राइस ८५, ब्राइसहून हायवे १२ ने टोरी (कॅपिटल रीफचं गाव) ११५ च्या आसपास, टोरी ते मोआब दीडशे, मोआब ते मॉन्युमेंट व्हॅली पुन्हा दीडशे, तिथून पेज सव्वाशे, पेज ते ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (म्हणजे दक्षिणेकडचा काठ) १३५-१४० आणि शेवटचा लांब पट्टा साउथ रिम ते वेगस २८०. बेरीज १२०० येते, पण पार्कच्या आतलं फिरणं आणि आडवाटा धरून गाडीच्या मीटरवर पंधराशे-सोळाशे पडतात, म्हणजे अडीच हजार किलोमीटर धरून चला.

फक्त मैलांवरून वेळ ठरवू नका. हायवे १२ चंच बघा, मॅप तीन तास दाखवतो आणि आम्हाला साडेपाच लागले, कारण एस्कलांटेच्या पुढे हॉगबॅक म्हणून एक तुकडा आहे तिथे रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना सरळ उतार आणि कठडा नाही, तिथे आपोआपच गाडी हळू होते, आणि मग बोल्डर माउंटनवर ९,६०० फुटांवर चढलं की खाली सगळं लाल वाळवंट आणि वर ॲस्पनची पिवळी झाडं, थांबल्याशिवाय पुढे जाववतच नाही. या ट्रिपमधला रस्ता म्हणजे दोन ठिकाणांमधली रिकामी जागा नव्हे, तो स्वतःच बघायचा आहे, एवढं एक धरून प्लॅन केलात तर बाकी चुका चालून जातात.

२. किती दिवस लागतात? आमच्याकडे पाचच आहेत.

पूर्ण लूपला दहा दिवस हवेत, आईबाबांबरोबर आम्ही बारा घेतले आणि ते बरोबर ठरले. पाच दिवसांत हा लूप करायला जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. होतो, करणारे करतात, पण मग रोज पाच-सहा तास गाडीत आणि प्रत्येक पॉइंटवर दहा मिनिटं, आणि घरी गेल्यावर फोटो बघून कुठला दगड कुठला तेच आठवत नाही. पाच दिवस असतील तर वेगस-झायन-ब्राइस-पेज-वेगस असा छोटा लूप करा, किंवा सॉल्ट लेक सिटीला उतरून फक्त मोआबला जा. ग्रँड कॅन्यन सुटतं म्हणून जीव खाली-वर होतो हे मला माहितेय, पण ते कुठे पळून जात नाही.

३. कुठल्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा दुसरा अर्धा आणि ऑक्टोबर. जून ते ऑगस्ट मोआब आणि पेजला पारा १०० फॅरनहाइटच्या (म्हणजे ३८ सेल्सियसच्या) वर सहज जातो. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथेही पावसाळा असतो, त्याला इथले लोक मॉन्सूनच म्हणतात, पण तो आपल्यासारखा संततधार नाही, दुपारी एक ढग येतो, तासभर कोसळतो आणि निघून जातो. त्याचा धोका नंबर ११ मध्ये.

हिवाळ्यात गर्दी नसते आणि लाल दगडावर पांढरा बर्फ काय दिसतो ते शब्दांत सांगणं कठीण आहे, पण ब्राइसला रस्ते बर्फाने बंद होतात आणि ग्रँड कॅन्यनचा नॉर्थ रिम तर हिवाळाभर बंद असतो. एक गोष्ट लोक हमखास विसरतात, वाळवंट म्हटलं की सगळे फक्त उन्हाळी कपडे घेऊन येतात. ब्राइसचा काठ ८,००० फुटांच्या वर आहे, आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही तुम्ही अडीच हजार फूट वर उभे असता. सप्टेंबरअखेरीला पहाटे सनराइज पॉइंटवर आईने स्वेटरवर शाल, शालीवर माझं जॅकेट घातलं होतं आणि तरी दोन्ही हात चहाच्या थर्मासला लावून बसली होती.

४. पार्कची फी किती आणि तो ८० डॉलरचा पास घ्यावा का?

झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन प्रत्येकी ३५ डॉलर गाडीमागे, मोआबजवळची आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ३०, कॅपिटल रीफचा सीनिक ड्राइव्ह २०. तिकीट सात दिवस चालतं. सगळं मिळून १८५ होतात, म्हणून अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरचा अमेरिका द ब्युटिफुल पास सरळ फायद्याचा, वर्षभर चालतो.

पण १ जानेवारी २०२६ पासून नियम बदललाय, भारतातून येणाऱ्यांनी नीट वाचा. अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना तोच पास २५० डॉलरला आहे, आणि पास नसेल तर ११ ठरावीक पार्क्समध्ये १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जास्त पडतात. आपल्या लूपमधले झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन त्या ११ मध्ये आहेत, आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटल रीफ नाहीत. रहिवासी म्हणून पास घ्यायला अमेरिकेतलं सरकारी फोटो आयडी लागतं. गाडीत कोण कोण आहे आणि पास कुणाच्या नावाचा यावर हिशोब ठरतो, त्यामुळे निघायच्या आठवड्यात पार्कच्या साइटवरचं फीचं पान एकदा डोळ्यांखालून घाला.

आईवडिलांकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ किंवा त्याहून जास्त असेल तर त्यांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. आणि मूल चौथीत असेल तर त्या वर्षी त्याच्या नावाने फुकट पास निघतो, तोसुद्धा इथल्या रहिवाशांसाठीच.

५. एकदा पास घेतला की सगळीकडे चालतो ना?

नाही. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन (पेजजवळची अरुंद दगडी घळ) ही नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांची जमीन आहे, तिथे त्यांची वेगळी फी. पेजजवळच्या हॉर्सशू बेंडचं पार्किंग पेज गावाचं आहे, तिथे गाडीमागे १० डॉलर. डेड हॉर्स पॉइंट, गॉब्लिन व्हॅली, गूजनेक्स ही स्टेट पार्क्स, त्यांचे पैसे वेगळे. ग्रँड कॅन्यनवरचा काचेचा स्कायवॉक हुआलापाई या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांचा, त्याबद्दल नंबर १५ बघा.

६. आधी काय काय बुक करावं लागतं?

सगळ्यात आधी ग्रँड कॅन्यनच्या आतली खोली, ती हवी असेल तर वर्षभर आधी बघायला लागा. मग अँटिलोप कॅन्यन, गाइडशिवाय प्रवेशच नाही आणि दुपारच्या आसपासच्या वेळा लवकर भरतात. झायनच्या एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या ट्रेकला एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं, लॉटरी निघते. आर्चेसला २०२२ पासून गर्दीच्या महिन्यांत ठरावीक वेळेचं रिझर्वेशन सुरू झालं होतं, तो नियम वर्षागणिक बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या भरवशावर राहू नका. झायनची शटल मात्र फुकट आहे आणि बुकिंग लागत नाही, फक्त शटल चालू असते त्या महिन्यांत (साधारण मार्च ते नोव्हेंबर) मुख्य दरीत स्वतःची गाडी नेता येत नाही. व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळी आठ-नऊलाच भरतं, म्हणून स्प्रिंगडेलमध्ये राहिलात तर गाडी हॉटेलवर ठेवून गावातल्या शटलने गेटपर्यंत या.

७. भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते का? आणि एसयूव्हीच हवी का?

भारतातून फिरायला आलेल्यांना भाड्याची गाडी भारताच्या लायसन्सवर मिळते, लायसन्स इंग्रजीत आणि मुदतीत असलं पाहिजे. तरी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट सोबत ठेवा, आपल्या आरटीओत फॉर्म ४ए भरून मिळतं, वर्षभर चालतं. पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला भाड्यावर रोजचे जास्तीचे पैसे लागतात.

गाडी साधी सेडानही चालते, या लूपचा सगळा मुख्य रस्ता डांबरी आहे. आम्ही दुसऱ्यांदा एसयूव्ही घेतली ती बॅगांसाठी आणि आईच्या गुडघ्यासाठी, खाली वाकून बसावं लागत नाही. कच्च्या रस्त्यांचं मात्र बघा, भाड्याच्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावर नेऊ नका, आणि तिथे टायर फुटला किंवा वाळूत रुतलात तर टोइंगचा खर्च तुमच्याच गळ्यात.

८. पेट्रोलचं काय? मधे पंप नसतात म्हणतात.

असतात, पण लांब लांब. आमचा नियम सोपा आहे, काटा अर्ध्यावर आला आणि पंप दिसला की भरायचं, भाव बघत बसायचं नाही. आय-७० हायवेवर ग्रीन रिव्हर आणि सलायना यांच्या मधे शंभराहून जास्त मैल ना पंप ना दुकान, आणि हँक्सव्हिलहून हायवे ९५ ने ब्लँडिंगकडे निघालात तर तीच गत. हँक्सव्हिलचा पंप बघण्यासारखाही आहे, त्याचं दुकान डोंगराच्या पोटात कोरलंय.

९. फोनला रेंज मिळते का? आणि वेळेचा तो काय घोळ आहे?

गावात मिळते, गाव सुटलं की नाही. सगळ्या राज्यांचे ऑफलाइन मॅप घरीच उतरवून घ्या, हॉटेलांचे पत्ते कागदावर लिहा, रोज सकाळी निघताना घरी कुणाला तरी आज कुठून कुठे जाणार ते कळवा.

वेळेचा घोळ नीट समजून घ्या कारण आमची एक जीप टूर यातच गेली. यूटा माउंटन टाइमवर चालतं आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतं. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. पण ॲरिझोनाच्या आतली नवाहोंची जमीन मात्र बदलते! म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत पेज आणि ग्रँड कॅन्यनला दहा वाजलेले असतात तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीत आणि सगळ्या यूटात अकरा. पहिल्या वेळी आम्ही लूप उलटा केला होता, पेजहून आरामात निघालो, तीनच्या टूरला पावणेतीनला पोचलो म्हणून खूश, आणि तिथे पावणेचार वाजले होते. अँटिलोपच्या टूर नवाहो जमिनीवर असूनही पेजच्या घड्याळाने चालतात हा अजून एक पेच. फोन कधी या टॉवरची तर कधी त्या टॉवरची वेळ पकडतो, त्यामुळे पेजच्या मुक्कामात हातातलं साधं घड्याळ पेजच्या वेळेला लावा आणि त्यावरच विश्वास ठेवा.

१०. पाणी किती न्यायचं?

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि गाडीत एक कॅन जास्तीचा. हवा इतकी कोरडी आहे की घाम आल्याचं कळतच नाही, अंगावर नुसतं मीठ दिसतं. म्हणून फक्त पाणी ढोसून भागत नाही, खारं काहीतरी खा, आम्ही भारतातून ओआरएसची पाकिटं नेली होती आणि बाबांना रोज दुपारी एक पाकीट सक्तीचं होतं. कॅन्यनलँड्सला जाताना मोआबमध्येच सगळ्या बाटल्या भरून घ्या, पार्कच्या आत पॉइंटवर पाणी मिळत नाही.

११. फ्लॅश फ्लड म्हणजे काय? आकाश निरभ्र असेल तर भीती नाही ना?

फ्लॅश फ्लड म्हणजे अचानक येणारा पुराचा लोंढा. आकाश निरभ्र असलं तरी भीती आहे, आणि हाच गैरसमज जीवघेणा ठरतो. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, आणि त्या जागेवर पाऊस जवळपास नव्हताच, वादळ वरच्या अंगाला मैलोन्‌मैल दूर झालं होतं. कारण सरळ आहे, इथला दगड आणि कडक माती पाणी शोषत नाही, आजूबाजूच्या सगळ्या उतारांवरचं पाणी एका अरुंद घळीत उतरतं आणि तिची रुंदी कुठे कुठे तर दोन हात पसरण्याइतकीही नसते. ज्यांनी भंडारदऱ्याजवळची सांधण दरी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल, पावसाळ्यात सांधणमध्ये कुणी शहाणा माणूस उतरत नाही, फरक एवढाच की तिथे पाऊस डोक्यावर दिसत असतो.

झायनमध्ये रोज फ्लॅश फ्लडची शक्यता फळ्यावर लावतात. नॅरोज करणार असाल, म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालत जायचं असेल, तर आधी तो फळा वाचा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत यायला लागल्या, वरून घरघर ऐकू आली तर बॅग-बिग सोडा आणि उंचावर चढा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, तासाभरात ओसरतं.

१२. आईबाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

झेपेल, आणि माझं ऐकाल तर नक्की न्या. या पार्क्समध्ये जे सगळ्यात भव्य दिसतं त्यातलं निम्म्याहून जास्त गाडीतून उतरून पाच मिनिटांवर आहे.

झायनमध्ये रिव्हरसाइड वॉक, नदीच्या काठाने सपाट फरसबंद वाट, जाऊन-येऊन दोन-सव्वादोन मैल, जमेल तिथून परत फिरा. ब्राइसमध्ये सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट काठाकाठाने, जवळपास सपाट. दरीत उतरणाऱ्या नवाहो लूपच्या वाटेला मात्र त्यांना नेऊ नका, एवढ्या उंचीवर परतीचा चढ दम काढतो. आर्चेसमध्ये बॅलन्स्ड रॉक आणि विंडोजचा भाग. डेलिकेट आर्चपर्यंतची वाट तीन मैलांची आणि उघड्या दगडावरची, सावली औषधालाही नाही, त्याऐवजी खालच्या व्ह्यूपॉइंटवरून लांबून बघता येतो. कॅन्यनलँड्समध्ये मेसा आर्च अर्ध्या-पाऊण मैलाचा आहे, आई काठी घेऊन हळूहळू गेली.

ग्रँड कॅन्यनला तर काठाने फरसबंद वाट आहे, फुकट शटल आहे, मधे मधे बाक आहेत. बाबांसाठी तिथलं ट्रेल ऑफ टाइम मुद्दाम सांगते. यावापाई जिऑलॉजी म्युझियमपासून सुरू होतं, वाटेवर पितळी खुणा, एक मीटर चाललात की दहा लाख वर्षं, आणि दरीतल्या प्रत्येक थरातला खरा दगड वाटेकडेला ठेवलाय, हात लावून बघायला. बाबा रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, त्यांनी प्रत्येक दगडावर हात फिरवला, एकेकाला बोटाने टकटक करून बघितलं, दीड तास लागला आणि त्या दीड तासात त्यांनी गुडघ्याचं नावही काढलं नाही.

दोन गोष्टी सांभाळा. उंचीचा त्रास, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनला (७,००० फूट) पहिल्या दिवशी दम लागतो, बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. आणि दुसरं, रोज हॉटेल बदलू नका. सामान उचलण्या-ठेवण्यानेच म्हातारी माणसं थकतात, चालण्याने नाही. आम्ही स्प्रिंगडेल तीन रात्री, मोआब तीन रात्री असं केलं.

१३. मुलं कंटाळत नाहीत का?

प्रत्येक पार्कच्या व्हिजिटर सेंटरला ज्युनियर रेंजरचं पुस्तक मागा. मुलांनी त्यातली कामं पूर्ण केली की रेंजर त्यांना शपथ देऊन बिल्ला देतात, मग पुढच्या पार्कचा बिल्ला मिळवायची मुलांनाच घाई होते. कठड्याजवळ मात्र हात सोडू नका, बऱ्याच पॉइंटवर कठडाच नाही.

१४. आम्ही शाकाहारी आहोत, जेवणाचे हाल होतात का?

हाल होत नाहीत, पण तयारी लागते. वेगसमध्ये भारतीय वाणसामान घेऊन निघा, सेंट जॉर्ज, मोआब आणि पेजला मोठी ग्रोसरी मिळते, मधल्या गावांत रात्री आठनंतर सगळं बंद. आम्ही मेथीचे ठेपले, दशम्या, दाण्याची चटणी, भडंग आणि मेतकूट नेलं होतं. छोटा राइस कुकर सोन्यासारखा कामाला येतो, मऊ भात, मेतकूट, तूप, दिवसभर फिरून आल्यावर याहून जास्त काही नकोच वाटतं. कुकर चालवण्याआधी हॉटेलला विचारा, किचनवाली खोली मिळाली तर सगळ्यात बरं. आणि खोलीत फोडणी करू नका. एका मोटेलमध्ये आईने दोन चमचे तेलात मोहरी टाकली, मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म वाजला आणि शेजारच्या खोल्यांतली माणसं चादरी गुंडाळून बाहेर, फार वाईट वाटलं आम्हाला.

बाहेर खाताना बीन्स, तांदूळ, टॉर्टिया मिळतात, फक्त बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का ते विचारा. नवाहो भागात फ्राय ब्रेड मिळतो, जाड फुगलेल्या भटुऱ्यासारखा, त्यावर बीन्स घालून नवाहो टाको. तळणीचं तेल कुठलं तेही विचारून घ्या. या ब्रेडमागे दुःखाची गोष्ट आहे, १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंना त्यांच्या जमिनीवरून शेकडो मैल चालवत नेलं, आणि तिथे रेशनमध्ये जे पीठ आणि चरबी मिळायची त्यातून हा पदार्थ आला असं ते लोक सांगतात. १८६८ च्या तहानंतर ते परत येऊ शकले.

पुढे कॅलिफोर्नियात शिरणार असाल तर सीमेवर फळं-भाज्या तपासतात, ती आधीच संपवा.

१५. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, नॉर्थ रिम की वेस्ट? काचेचा पूल कुठे आहे?

पहिल्यांदा जाताय तर साउथ रिम, वर्षभर चालू. नॉर्थ रिम समोर दिसतो, सरळ रेषेत दहाएक मैल, पण गाडीने वळसा घालून दोनशेच्या वर मैल. २०२५ च्या जुलैमध्ये ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं ग्रँड कॅन्यन लॉज जळालं, त्यामुळे तिकडे काय चालू आहे ते बघूनच ठरवा. काचेचा स्कायवॉक ग्रँड कॅन्यन वेस्टला आहे, २००७ मध्ये झाला, तो नॅशनल पार्कमध्ये नाहीच, साउथ रिमपासून चार तासांवर आहे. वेगसहून एका दिवसाची ट्रिप घेऊन लोक तिथे जातात आणि ग्रँड कॅन्यन बघितलं म्हणतात, त्यांना साउथ रिम दाखवावासा वाटतो मला.

पेजहून येताना डेझर्ट व्ह्यूच्या पूर्व गेटने आत या. मेरी कोल्टर या बाईंनी डिझाइन केलेला १९३२ चा दगडी मनोरा तिथे आहे.

१६. तिथल्या डोंगरांना विष्णू, शिव अशी नावं आहेत हे खरं की फॉरवर्ड?

खरं आहे. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात दरीतल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली, त्यातून विष्णू टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल अशी नावं आली, राम आणि कृष्ण श्राइनही आहेत. तिथे देऊळ वगैरे काही नाही, गोपुरासारखे दिसणारे दगडी डोंगर आहेत. दरीच्या तळातल्या काळ्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट, वय साधारण पावणेदोनशे कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटींचा. ट्रेल ऑफ टाइमवर (नंबर १२) तो दगड आला तेव्हा आईने हात लावून नमस्कार केला.

१७. अँटिलोप अप्पर करावं की लोअर?

अप्परमध्ये घळ जमिनीच्या पातळीवर आहे, आत सपाट वाळूवरून चालायचं, एप्रिल ते सप्टेंबर दुपारच्या सुमाराला उन्हाचे झोत खाली उतरतात ते इथेच, म्हणून महाग आणि गर्दी जास्त. लोअरमध्ये अरुंद लोखंडी जिन्यांनी खाली उतरायचं आणि परत वर यायचं, गुडघेवाल्यांनी टाळा. अप्परलाही परतीच्या वाटेवर पायऱ्या किती ते बुक करताना विचारून घ्या. दोन्हीकडे बॅग नेऊ देत नाहीत.

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघितलेत का? गोल फिरणाऱ्या पाण्याने आणि वाळूने दगड कसा घोटला जातो ते तिथे दिसतं, तेच काम इथे नवाहो सँडस्टोनवर झालंय. हा दगड मुळात अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा आहे. आमच्या गाइडताईंनी एका कोपऱ्यात थांबून भिंतीच्या कडेवर मूठभर वाळू ठेवली, ती बारीक धारेने खाली सांडायला लागली आणि उन्हाच्या तिरिपेत ती धार काही क्षण केशरी दिसली. कुणी फोटो काढायच्या आत संपली.

१८. नवाहो भागात काय काय पाळावं लागतं?

तिथे दारू विकत मिळत नाही आणि नेऊही नका, बंदी आहे. ड्रोन नाही. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा कच्चा रस्ता स्वतःच्या गाडीने करता येतो, पण खडबडीत आहे, भाड्याच्या गाडीचं नंबर ७ मध्ये लिहिलंय, शिवाय नवाहो गाइडच्या जीपमधून गेलात तर पैसे त्या घरात जातात आणि गाइडबरोबरच जाता येतं अशा आतल्या जागाही दिसतात.

एक सगळ्याच पार्क्सबद्दल, वाटेबाहेर काळपट, खरखरीत, ढेकळांसारखी माती दिसते तिच्यावर पाय देऊ नका. ती जिवंत आहे, सूक्ष्म जिवांनी वाळू धरून ठेवलेली असते, एक पाऊल पडलं तर भरून यायला दशकं लागतात.

१९. रात्री गाडी चालवावी का?

शक्यतो नाही. हरणं येतात, यूटात तर गाईही रस्त्यावर येतात कारण बऱ्याच भागात कुंपणच नाही, आणि अंधारात काळी गाय हेडलाइटमध्ये येईपर्यंत दिसत नाही. त्यापेक्षा गाडी हॉटेलवर लावून आकाश बघा. यूटातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ मध्ये जगातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, पण अमावास्येच्या आसपास गेलात तर या लूपवर जवळपास कुठूनही आकाशगंगा साध्या डोळ्यांनी दिसते.

२०. जीपीएस मोकी डगवेवरून नेतोय, जावं का?

हायवे २६१ चा हा तीनेक मैलांचा तुकडा कच्चा आहे, कड्यावरून नागमोडी वळणांनी हजाराहून जास्त फूट खाली उतरतो, कठडा नाही. कोरड्या दिवशी, दिवसाउजेडी, घाटात गाडी चालवायची सवय असेल तर साध्या गाडीनेही लोक जातात. पाऊस पडलेला असेल, मोठी व्हॅन असेल किंवा गाडीत कुणी उंचीला घाबरणारं असेल तर ब्लँडिंगहून १९१ आणि १६३ ने जा.

२१. आम्ही सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो, एका दिवसात कोलोरॅडो नदीपर्यंत उतरून वर येऊ ना?

नका करू, पार्कवालेही स्पष्ट नाही सांगतात. गडावर आपण सकाळी ताजे असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे उलटं आहे, आधी उतार, पाय आपोआप पळतात, आणि मग दुपारच्या उन्हात, संपत आलेल्या पाण्यावर मैलभर उंचीचा चढ. वर गार वाटतं तेव्हा तळाला २० फॅरनहाइटने जास्त तापलेलं असतं. ब्राइट एंजल ट्रेलवर दीड मैल खाली जाऊन परत या, दरी आतून कशी वाटते ते तेवढ्यात कळतं, आणि उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. एंजल्स लँडिंगचं वेगळं, तिथे चढ आधी आहे, साखळ्या आहेत, दोन्हीकडे कडा आहे, ट्रेकची सवय असेल आणि परमिट (नंबर ६) मिळालं तर जा.

२२. एकच कमी गाजलेली जागा सांगायची तर?

कॅपिटल रीफ. लोक त्यावरून नुसते गाडीने जातात. शंभर मैल लांब जमिनीची एक वळी आहे, आणि तिच्या मधोमध फ्रुटा नावाची जागा, १८८० च्या दशकात आलेल्या मॉर्मन कुटुंबांनी लावलेल्या फळबागा पार्कने अजून राखल्यात. पिकलेल्या बागेत शिरून तिथल्या तिथे खायला पैसे नाहीत, बरोबर न्यायचं तर वजन करून पैसे ठेवायचे. आम्ही गेलो तेव्हा सफरचंदं होती. बाबांनी शिडी लावून चार तोडली, आई खाली पदर पसरून उभी, मागे लाल कडा उन्हाने पेटलेला आणि पाटाच्या पाण्याचा आवाज. बाजूच्या गिफर्ड हाउसमध्ये फळांचा पाय मिळतो, दुपारपर्यंत संपतो, म्हणून सकाळीच घ्या.